भूगोलाचे गुरुजी घडविणारे गुरुजी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांच्या आज्ञेवरून आम्ही येथे उभे आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका आणि मग जन्मभर खडू व फळा. विद्वत्तेचा आव आणण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु जो विषय आयुष्यभर शिकविला, त्याविषयी दोन शब्द बोलावे, एवढीच इच्छा.

भूगोल म्हणजे राजधान्यांची नावे पाठ करणे, अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. ही समजूत मोडण्याचा उद्योग जर्मनीत फार पूर्वी सुरू झाला. श्नेफेन्थाल येथे १७८४ साली एक शाळा निघाली. तेथे मुलांना प्रत्यक्ष रानावनांत नेऊन भूमीची ओळख करून देत. कार्ल रिटर हा तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. तोच पुढे १८२० साली बर्लिन विद्यापीठात भूगोलाचा प्राध्यापक झाला. चांगल्या शाळेतून शास्त्र कसे उगवते, याचे हे उदाहरण होय.

आज सर्वत्र कानी पडणारा 'शाश्वत विकास' हा शब्दही मुळात त्याच भूमीतल्या एका विचाराचा वंशज आहे. सॅक्सनीच्या खाणखात्यातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनविद्येवर ग्रंथ लिहिला. खाणींतील धातू गाळण्यासाठी बेसुमार वृक्षतोड चालली होती. जेवढे वन पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुद्दल राखून व्याजावर संसार करावा, हे आपल्या आजीबाईंचे शहाणपण त्याहून निराळे नव्हे.

कार्लोविट्झ होते सॅक्सनीतील फ्रायबेर्गचे. नैर्ऋत्य जर्मनीत फ्रायबुर्ग नावाचे दुसरे नगर आहे. (नकाशा पाहिल्यावाचून दोहोंची गफलत करू नये!) त्या फ्रायबुर्गच्या शिक्षणशास्त्र विद्यापीठात हार्टविग हाउब्रिख हे प्राध्यापक होते. भूगोलाचे शिक्षक तयार करणे हे त्यांचे जीवितकार्य. १९८८ ते १९९६ या काळात ते आंतरराष्ट्रीय भूगोल संघाच्या भूगोल-शिक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दीत १९९२ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत भूगोल-शिक्षणाची आंतरराष्ट्रीय सनद घोषित झाली. एखादी गोष्ट कोठे आहे व तेथेच का आहे, इतके विचारून भूगोल थांबत नाही. मनुष्य व निसर्ग या दोहोंचे हित साधेल अशी तिची व्यवस्था कशी लावावी, हाही भूगोलाचाच प्रश्न आहे, असे त्या सनदेचे सार. पुढे २००७ साली स्वित्झर्लंडमधील लुत्सेर्न येथे शाश्वत विकासासाठी भूगोल-शिक्षणाचा जाहीरनामा निघाला. त्याच्या कर्त्यांतही हाउब्रिख होते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माणदेशात कसाबसा ५०० च्या आसपास. खाली काळा पाषाण. पाणी राहते ते केवळ त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हे ज्याला शाळेत उमगले, तो शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली म्हणून आपण चारशे फूट घेणार नाही. न उमगल्याने कर्जबाजारी झालेली कुटुंबे या सभागृहातही असतील. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

गेल्या वर्षी एका ज्ञातिबांधवांची कन्या भूगोलाची एम.ए. झाली. बी.एड., एम.एड. करून शिक्षक घडविण्याच्या कार्यात जावे, अशी तिची इच्छा. वडील आमच्याकडे आले व म्हणाले, "मास्तर, नकाशे काढून पोट भरते काय?"

प्रश्न रास्त आहे. वाट लांब आहे. पुढे नेट अथवा पीएच.डी. लागते आणि कायम पदे थोडी. हे आम्ही त्यांच्यापासून लपविले नाही. परंतु एक हिशेबही मांडला. समजा, ती वर्षाला ४० शिक्षक तयार करील. ३० वर्षांत १,२०० झाले. त्यांतील प्रत्येकाने वर्षाला ५० मुले ३० वर्षे शिकविली, तर संख्या १८ लक्षांवर जाते. एवढ्या घरांत पाण्याविषयी समंजस बोलणे पोहोचविणारा दुसरा कोणता व्यवसाय आहे? वडील निरुत्तर झाले असे नाही. विचारात मात्र पडले. मुलीने बी.एड.ला प्रवेश घेतला आहे.

म्हणून मंडळापाशी दोन मागणी आहेत. आपल्या स्मरणिकेत डॉक्टर व इंजिनियर झालेल्यांचे अभिनंदन दरवर्षी छापले जाते. ते योग्यच आहे. त्यासोबत भूगोल घेऊन अध्यापनाकडे जाणाऱ्या एका विद्यार्थ्यास दरसाल शिष्यवृत्ती द्यावी. दुसरे, वसतिगृहाच्या गच्चीवरील पाण्याचा मुलांकडूनच हिशेब करून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्ची आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५०,००० लिटर होते. त्यातले किती गटारात जाते व किती साठविता येईल, हे मुलांनी मोजून पुढील संमेलनात आपणांस सांगावे.

मुलांनी हिशेब मांडावा आणि आपण वडीलधाऱ्यांनी तो मुकाट्याने ऐकावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.