आधी घडी, मग वाक्य
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळे आठवणी सांगताहेत. मी आपल्या वेळापत्रकातल्या दोन तासांबद्दल बोलणार आहे. एक इंग्रजीचा आणि दुसरा कार्यानुभवाचा. पहिल्याला आपण श्वास रोखून बसायचो. दुसऱ्याला खळीने हात बरबटवून पाकिटं चिकटवायचो. हे दोन तास एकत्र केले तर काय होतं, ते मी तीन वर्षं दर शनिवारी सकाळी पाहते आहे.

आपल्याला एबीसीडी पाचवीत भेटली. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच आलं. माझ्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेतली चौथीची मुलं म्हणजे आपल्यापेक्षा चार वर्षं पुढे. तरी वाक्य बोलायची वेळ आली की तीच मान खाली, तेच बोट तोंडात.

माझी सुरुवात चुकली, ते आधी सांगते. जूनमध्ये पर्यावरण दिनाचा उपक्रम म्हणून मी दुकानातून चमकीचे कागद, फोम आणि प्लास्टिकची फुलं नेली. मुलांनी सुरेख तक्ते केले आणि फळ्यावरून 'सेव्ह ट्रीज' उतरवून घेतलं. मी फोटो काढले. मग एका मुलीने ओंजळभर कातरण पुढे करून विचारलं, "ताई, हा कचरा कुठे टाकू?" मी तिला विचारलं, "सेव्ह म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "झाड."

त्या दिवशी दोन नियम केले. विकत काही आणायचं नाही. आणि जे हाताने केलं नाही, ते वाक्य लिहायचं नाही.

आता रद्दीच्या पिशव्या करतो. चार क्रियापदं पुरतात: फोल्ड, कट, पेस्ट, प्रेस. मी आधी करून दाखवते, तोंडाने म्हणते. मुलं घडी घालता घालता म्हणतात. मग लिहायचं. इथे नेहमीची अडचण येते. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, म्हणून मुलं 'आय पेपर फोल्ड' म्हणतात. त्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर 'आय', दुसरीवर 'फोल्ड', तिसरीवर 'द पेपर'. मुलं आगगाडीचे डबे जोडावेत तशा त्या जमिनीवर मांडतात. चुकलं तर पट्टी उचलून पुढे-मागे करायची. खोडरबर नाही, लाल शाईही नाही. चूक हातात धरता आली की तिची भीती कमी होते. जुळलेलं वाक्य मग स्वतःच्या वहीत, शेजारी पिशवीचं चित्र.

एका मुलाची आई भाजी विकते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशव्यांची ओढाताण तिला चांगलीच माहीत. तो दहा पिशव्या घरी घेऊन गेला. पुढच्या शनिवारी वही पुढे सरकवली. लिहिलं होतं, 'कोथिंबीर वेट. बॅग ब्रेक. मेक स्ट्राँग.'

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे याला बग रिपोर्ट म्हणतात. काय झालं, कशामुळे झालं, काय करायला हवं, सगळं सहा शब्दांत. त्या दिवशी आम्ही तळाला पुठ्ठा घातला, 'वेट' आणि 'ड्राय' शिकलो, आणि ठरवलं की या पिशव्या कांद्या-लसणालाच. ओल्या भाजीला गिऱ्हाइकाने कापडी पिशवी आणावी. तशी विनंतीची चिठ्ठीही मुलांनीच इंग्रजीत आणि मराठीत लिहिली. व्याकरण आम्ही नंतर पट्ट्यांवर दुरुस्त केलं.

ती वही बघताना मला माझी पहिली नोकरी आठवली. एका बैठकीत सगळे एक आराखडा मंजूर करत होते. त्यातली चूक मला दिसली होती. मी मनात वाक्य जुळवत बसले. काळ बरोबर आहे का, 'द' लागतो का. वाक्य जुळलं तेव्हा लोक खुर्च्या मागे सारत होते. तीच चूक पुढे ग्राहकाकडे निघाली आणि आमच्या गटाने दोन रविवार ऑफिसात काढले. मला माहीत होतं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

बाई, तुम्ही व्याकरण पक्कं करून घेतलंत, त्यावर मी आजही पोट भरते. पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं मोडकं वाक्य ऐकायला तुम्हाला वेळ कुठून मिळणार होता? तो वेळ आता आपण देऊ शकतो.

म्हणून एक मागणं. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि ऑफिसातले पाठकोरे कागद टाकू नका. जवळच्या शाळेत विचारा, परवानगी घेऊन एक शनिवार जा. आपल्यात शेतकरी आहेत, शिंपीकाम करणारी मैत्रीण आहे, सुतारकामाचा कारखाना चालवणारा मित्र आहे. तुमच्या हाताला जे येतं ते मुलांकडून करून घ्या आणि त्याची पाच वाक्यं त्यांना बोलू द्या. मोडकी असली तरी ऐका. त्यात एखादी खरी चूक सांगितलेली असेल.