घरचा हौद : मासे आणि पालेभाजी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही वेतनकरारावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, असेच त्यांना वाटले असावे. तीस वर्षे चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांच्या दारांत आम्ही दुसरे काही बोललेलो नाही. आमचे शाळेतील शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे वाचनालयात आणि संपाच्या मंडपात झाले. असे असता माशांचा आणि पालेभाजीचा विषय आम्ही कां निवडला, याचा खुलासा आधी केला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी वाळूज भागातील एक कारखाना बंद पडला. कामगारांना भरपाई मिळाली. पन्नाशीच्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा आला आणि नोकरी गेली, म्हणजे त्याच्या दारी सल्लागारांची रांग लागते. अशाच एका गृहस्थाने मातीवाचून भाजी आणि त्याच पाण्यात मासे, अशी योजना आणली. त्याच्याजवळ छापील रंगीत तक्ता होता आणि त्यात दरमहाचे उत्पन्न मांडलेले होते. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने भरपाईचा मोठा भाग त्यात घातला. त्यांच्या घरी बसून, चहा घेत, ‘करा, नवे शास्त्र आहे,’ असे आम्हीही म्हणालो होतो. पुढे मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली आणि पहाटे हौदातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. त्या गृहस्थाचा फोन नंतर लागलाच नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही वाचून सांगितलं होतंत ना?”

आम्ही वाचलेले नव्हते. आम्ही तक्ता पाहिला होता. त्या दिवसापासून आम्ही वाचू लागलो. मग त्याच सहकाऱ्याच्या अंगणात, त्याच्याच उरलेल्या सामानातून, आम्ही चौघांनी मिळून एक लहान हौद पुन्हा उभा केला. तो आज चालू आहे. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

कल्पना साधी आहे. माशांच्या हौदातले पाणी खडीच्या वाफ्यात सोडावयाचे, वाफ्यातील भाजीने त्यातील खत घ्यावयाचे आणि निवळलेले पाणी परत हौदात यावयाचे. यात नवे फारसे नाही. गोव्याच्या खाजण जमिनींत भरतीचे पाणी मानशीतून आत घेऊन भात आणि मासळी दोन्ही काढण्याची रीत फार जुनी आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस शहराचे सांडपाणी तलावांत घेऊन त्यावर मासे वाढवितात आणि शेजारी धाप्याला भाजी पिकते. २००२ साली त्या पाणथळ प्रदेशाला रामसर यादीत स्थान मिळाले. आजची बंदिस्त हौदाची पद्धत मात्र अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवर, डॉ. जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात घडविली. त्या बेटावर गोड्या पाण्याची टंचाई होती. तेव्हा ही विद्या टंचाईतून निघाली आहे, हे आपल्या शहराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता यातील खरा कामगार कोण, ते पाहू. मासा जे खातो त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात टाकतो. अमोनिया माशाला विष आहे. पाण्यात आणि खडीवर राहणारे एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते झाडाला खत होते. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. म्हणजे येथे दोन पाळ्या आहेत आणि पहिल्या पाळीने तयार केलेला माल दुसरी पाळी उचलते. हे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून मालक त्यांना विसरतो. ते भरती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या सहकाऱ्याला हौद मिळाला त्याच दिवशी त्यात मासे सोडावयास लावले होते. कारखान्यात कामगार नाहीत आणि कच्चा माल मात्र येऊन पडतो आहे, अशी ती स्थिती होती. रात्रीची वीज हे शेवटचे निमित्त. मासे त्याआधीच अर्धमेले झालेले होते.

म्हणून पहिला नियम असा की, पाणी आधी आणि मासे नंतर. हौद भरून पाणी फिरते ठेवावे आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासण्याची पेटी मिळते. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वर चढून पुन्हा खाली आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे दोन्ही पाळ्या कामावर हजर झाल्या असे समजावे. मासे आल्यानंतरही अमोनिया व नायट्राइट लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतच राहिले पाहिजेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जिवाणूंना आणि माशांना बाधते. पाणी दोन दिवस उघडे ठेवले की ते उडून जाते. ज्या शहराने नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची सवय लावून घेतली, त्या शहरात पाणी साठवून कसे ठेवावे, हे भगिनींना शिकविण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट मापांची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली घरगुती प्रमाणावरील या शेतीविषयी एक सविस्तर पुस्तक काढले. शब्दकोश जवळ घेऊन आम्ही ते वाचले. त्यातील एक सूत्र पाठ करण्याजोगे आहे : पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. भाजी किती लावायची हे माशांच्या संख्येवरून ठरत नाही. रोज किती खाद्य पडते त्यावरून ठरते. हजार लिटरच्या हौदात नवशिक्याने १० किलोपेक्षा अधिक मासळी ठेवू नये. वाढलेला मासा वजनाच्या शेकडा दीड या प्रमाणात खातो असे धरले, तर १० किलोला रोज १५० ग्रॅम खाद्य झाले; म्हणजे ३ चौरस मीटर, सुमारे बत्तीस चौरस फूट वाफा. मासे बोटुकलीएवढे असताना वाफाही त्या मानाने लहानच ठेवावा.

मासा कोणता? रोहू आणि कटला ही तलावाची मोकळ्या पाण्यात वाढणारी मासळी. घरच्या हौदात तिचा जीव रमत नाही. आम्ही सायप्रिनस ठेवला आहे. तो काटक आहे, डिसेंबरची थंडी सोसतो आणि आमच्याकडे आठ-दहा महिन्यांत पाव किलोच्या घरात येतो. असे चाळीस मासे पुरेत. गिफ्ट जातीची चिलापी पाळावयाची तर सरकारी परवानगी लागते आणि परदेशी मांगूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे. कोणी विकावयास आणला तरी घेऊ नये. ज्यांच्या घरी माळ आहे, मासा चालत नाही, त्यांनी शोभेचे मासे ठेवावेत. भाजीला त्यात काही भेद वाटत नाही.

वाफ्यात एक फूट खोल खडी भरावी. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी उत्तम. ती धुऊन घ्यावी. दगडात चुना असल्याची शंका आली तर त्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड नको. पाणी चढविण्यास कूलरच्या मोटरीसारखी लहान मोटर चालते. मात्र ती तासाभरात हौदातले सगळे पाणी एकदा फिरविणारी हवी. वाफ्यात एक उभी नळी आणि तिच्यावर वरून बंद असलेली मोठी नळी पालथी घालतात. पाणी आतल्या नळीच्या टोकापर्यंत चढले की ओढ लागते आणि सगळा वाफा आपोआप रिकामा होतो; तळाशी हवा शिरली की ओढ तुटते आणि वाफा पुन्हा भरू लागतो. पाणी जाते तेव्हा मुळांना हवा मिळते. ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी एकदा पाणचक्कीवर जाऊन यावे. डोंगरातला झरा मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीवरून पाडून, त्यावर अठराव्या शतकात या शहरात पीठ दळले जात होते. मलिक अंबराची नहर त्याच्याही आधीची. पाण्याला त्याच्या वजनानेच कामाला लावण्याची कला आपल्या गावाला परकी नाही.

आता तीन धोके सांगतो. हे त्या तक्त्यात नव्हते.

पहिला धोका पिंपाचा. भंगारात निळी पिंपे आणि पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्या स्वस्त मिळतात. त्यांत आधी काय होते, हे ज्याने ती कारखान्यात रिकामी केली त्याला विचारा. आम्ही ती रिकामी करणाऱ्यांत आयुष्य काढले आहे. ज्यात रसायन, रंग किंवा औषधाचा कच्चा माल होता ते पिंप दहा वेळा धुतले तरी घेऊ नका. ज्यात खाण्याचा पदार्थ होता आणि त्याची चिठ्ठी शाबूत आहे, तेवढेच घ्या.

दुसरा धोका गच्चीचा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. तीन चौरस मीटर वाफ्यात एक फूट खडी म्हणजे आणखी सुमारे दीड टन, वर तिच्यातले पाणी वेगळे. घराच्या वापरातल्या गच्चीला साधारणतः चौरस मीटरमागे दीडशे किलोंचा भार धरलेला असतो. मीटरभर उंचीचा भरलेला हौद त्याच जागेवर हजार किलो घालतो. तेव्हा हे काम अंगणात, जमिनीवर करावे. गच्चीच असेल तर अभियंत्याला विचारल्यावाचून एक पिंपसुद्धा ठेवू नये. कामगार वसाहतीतील स्लॅब कसे टाकलेले असतात, हे आम्ही येथे सांगावयास नको.

तिसरा धोका विजेचा. पाणी तापते तशी त्यातील प्राणवायूची जागा कमी होते. वीस अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. माशांना तर तो पाचाच्या वर हवा. त्यात मे महिन्याची रात्र आणि मोटर बंद, म्हणजे घटका मोजणेच. पैठणच्या एका भोई मामांनी आम्हांला सांगितले, “मासा तोंड वर काढतो तेव्हा त्याला खायला टाकू नका, भाऊ. तो वारा मागतो.” बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घेतल्याशिवाय एकही बोटुकली घरी आणू नका. हौदावर हिरवी जाळी बांधा. आणि भाजीवर कोणतेही औषध मारू नका. कडुलिंबाचा अर्कसुद्धा माशाला बाधतो.

या पद्धतीत नव्वद टक्के पाणी वाचते, असे सांगतात. ते कशाशी ताडून, हे विचारले पाहिजे. झाड जेवढे पाणी पिते तेवढे ते येथेही पिते आणि ऊन जेवढे उडविते तेवढे येथेही उडविते. वाचते ते जमिनीत मुरून जाणारे आणि माशांचा हौद धुताना फेकावे लागणारे पाणी. पाटाने भिजविलेल्या शेताशी तुलना केली तर बचत मोठी. परसात तांब्याने पाणी घालणाऱ्या आजीशी केली तर थोडीच. या हौदाला रोज शेकडा एक ते तीन या प्रमाणात भर घालावी लागते. हजार लिटरला एक-दोन बादल्या, आणि आपल्या उन्हाळ्यात वरच्या आकड्यालाच टेकते. तेवढे पाणी ज्या घरी नाही, त्याने हा नाद करू नये.

शेवटी हिशेब. चाळीस वॅटची मोटर अहोरात्र चालली की रोज सुमारे एक युनिट, वर्षाला साडेतीनशे. दहा किलो मासळीला सतरा-अठरा किलो गोळी खाद्य. त्या बदल्यात आमच्या हौदाने दोन घरांना आठवड्यातून दोन-तीन वेळा मेथी, पालक, कोथिंबीर आणि हवा तेवढा पुदिना दिला, आणि वर्षाकाठी ती मासळी. बाजारभावाने मांडले तर मासळी विकत घेणेच स्वस्त पडते; पैठणचा भोई ती आमच्यापेक्षा स्वस्त देतो आणि त्याचे पोट त्यावर आहे. या हौदातून पगार निघत नाही. जो तसे म्हणेल त्याला वीजबिल दाखवावयास सांगा आणि भरपाईचा पैसा बँकेतच राहू द्या.

मग आम्ही तो कां चालवितो? आमचे सहकारी कारखाना सुटल्यावर वर्षभर घराबाहेर पडत नव्हते. आज सकाळी सहाला ते हौदाशी असतात. पाण्याची तपासणी करून वहीत आकडे मांडतात आणि वस्तीतल्या मुलांना जिवाणूंच्या दोन पाळ्या समजावून देतात. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी आमच्या घरी पालकाची जुडी पाठविली. आमच्या चुकीने त्यांचे जे गेले ते त्या जुडीने भरून आलेले नाही. ते येणारही नाही. निदान पुढच्या माणसाच्या दारी तो तक्ता आला, तर त्याला चार प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी आज हा विषय घेतला. चौघांनी मिळून एक हौद करावा, खर्च वाटून घ्यावा, राखणीची पाळी लावावी. एकट्याने कर्ज काढून करू नये. इतकी वर्षे आम्ही कारखान्याच्या दारात जे सांगत आलो त्याहून हे काही निराळे नाही.