उन्हाळ्याचे सुगंध

सुगंधालाही ऋतु असतो. कस्तुरी, हिना हीं अत्तरें थंडीचीं. चंद्रपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे तींच माणसाला गुदमरवितात. उष्णतेनें सुवासिक द्रव्यें भराभर उडतात. म्हणून या दिवसांत मोगऱ्याचा किंवा वाळ्याचा एक थेंबही पुरतो.

मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वीं खुडतात. खुडल्यावरही ती उमलते आणि रात्रभर गंध देत राहते. याच गुणामुळें तिळांत फुलांचे थर देऊन, तीं वारंवार बदलून, मग ते तीळ घाण्याला लावण्याची रीत पडली. तें फुलेल. कनोजचे अत्तरवाले फुलें तांब्याच्या डेगेंत शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलांत मुरवितात. चंदन महागल्यापासून त्याच्या जागीं पुष्कळदां खनिज तेल येतें. तसल्या मालाला मी तरी अत्तर म्हणणार नाहीं.

आमच्या रानाला कुपी लागत नाहीं. कुडा उन्हाळ्यांतच पांढऱ्या सुवासिक फुलांनीं भरतो. मेघदूतांतील यक्षानें मेघाला अर्घ्य दिलें तें याच कुटजाच्या फुलांचें. त्याआधीं, चैत्रांत, मोह टपकतो. त्याचा वास मधुर खरा, पण हलका नव्हे. शहरी नाकाला उग्रच वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत मात्र त्या वासासरशी पोटाचा विचार येतो. पहांटे वांकून फुलें वेंचणाऱ्यांवर वाघानें झडप घातल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत अनेकदां घडल्या आहेत. तरी बाया टोपल्या घेऊन निघतातच. कारण उशीर झाला कीं पडलेला मोह गुरें आणि हरणें खाऊन जातात.