जुनापाणीच्या दगडांवरचे हात

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘विदर्भातील महापाषाण संस्कृती’ असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात उरकायचा म्हणजे नुसती गावांची आणि सालांची यादी वाचावी लागेल. ती मी वाचणार नाही. मी तुम्हाला एका छोट्या पायपिटीला नेणार आहे आणि तिथल्या दगडांवर जे कोरलं आहे त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक विचारते. अजिंठा पाहिलेल्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच. भीमबेटका? निम्मे तरी आहेत. आता जुनापाणी? काटोल रोडला हुरडा खायला गेला होतात ते धरू नका. (हशा) बघा, मोजता येतील इतके हात.

आपली माणसं हल्ली जॉर्डनच्या वाळवंटात जातात. सौदी अरेबियातल्या जुब्बाची कोरीव चित्रं 2015 साली जागतिक वारशाच्या यादीत आली, तिथे जाऊन आलेलेही या शहरात असतील. जरूर जावं. पण उन्हात चालत जाऊन दगडावरची प्राचीन माणसाची खूण पाहायची, एवढीच इच्छा असेल तर तिकीट काढायची गरज नाही. काटोल रोडने शहर सोडायचं, जुनापाणीकडे वळायचं, गाडी सावलीत लावायची आणि माळावर चालायला लागायचं. एप्रिल-मेमध्ये तो माळ वाळवंटच असतो. पायाखाली मुरूम, पिवळं पडलेलं गवत, झाडाची सावली मागावी तर झाडालाच पानं नाहीत. चढ म्हणावा असा चढ नाही. थोडं चाललात की काळ्या दगडांचं पहिलं वर्तुळ दिसतं. मग दुसरं, मग सगळीकडे तीच दिसू लागतात. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत.

महापाषाण म्हणजे काय, विदर्भात लोखंड केव्हा आलं, हे मी तुम्हा नागपूरकरांना सांगायला नको. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसं. मेलेल्या माणसाला पुरताना भोवती मोठाल्या दगडांचं कडं रचायचं, आत माती आणि गोटे भरायचे, सोबत मडकी, लोखंडी हत्यारं आणि कुठे कुठे घोडा. डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातून टाकळघाट-खापा आणि माहुरझरी खणलं, पुढे डॉ. जामखेडकरांबरोबर नैकुंड खणलं. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ही सगळी माहिती पुस्तकांत आहे. पुढे जाऊ.

मला बोलायचं आहे ते खळग्यांबद्दल. जुनापाणीच्या काही वर्तुळांतल्या काही दगडांवर वाटीसारखे उथळ गोल खळगे आहेत. कुठे एकटे, कुठे रांगेत, कुठे दोन रांगा शेजारी शेजारी. इंग्रजीत त्यांना कप-मार्क म्हणतात. पहिल्यांदा गेलात तर ते दिसणारच नाहीत, कारण भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं आणि खळग्यात सावलीच उरत नाही. गावातला माणूस तुम्हाला विचारेल, ‘‘काय पाहून राहिले जी? गोटेच तं हायेत!’’ सकाळी लवकर जा, नाही तर दिवस कलताना जा. तिरपं ऊन दगडावर आलं की एकेक खळगा काळा होऊन वर येतो आणि मोकळा वाटलेला दगड भरून जातो.

मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं, तेव्हा दगडाबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे. नागपूरच्या पश्चिमेला लाव्हाचा काळा खडक, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना पट्टिताश्म. जुनापाणीचे दगड पश्चिमेचे, म्हणजे बेसाल्ट. झिजेने बेसाल्टवर खड्डे पडतात हे खरं आहे. पण झीज रांग धरत नाही. हे खळगे कोणीतरी बसून, दुसऱ्या कठीण गोट्याने ठोकून ठोकून केले आहेत. बेसाल्टवर गोटा आपटून पाहा, म्हणजे समजेल किती वेळ लागत असेल. मात्र तिथल्या दगडावर आपटू नका. घरी अंगणात आपटा!

या दगडांकडे नागपुरात पहिल्यांदा अभ्यासाच्या नजरेने कोणी पाहिलं? इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट आपण विसरलो आहोत. हिस्लॉप कॉलेजचं नाव तुम्ही रोज घेता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. मिशनरी म्हणून त्याने काय केलं, हा आजचा विषय नाही. पण हा माणूस सुटीच्या दिवशी हातोडी घेऊन निघायचा. टाकळी, सीताबर्डी, सगळीकडचे खडक त्याने पाहिले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या प्राण्या-वनस्पतींचे जीवाश्म जमवून लंडनला पाठवले. हिस्लॉपाइट हे खनिजाचं नाव त्याच्यावरून पडलं. गोंडांच्या चालीरीती आणि गाणी त्याने टिपून ठेवली, आणि ते कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. छापणं टेंपल यांना का करावं लागलं, ते ऐका.

1863 चा सप्टेंबर. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. ते दौऱ्यावर निघाले, हिस्लॉप बरोबर होता. टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायची, खणायची, असं ठरलं होतं. त्या दिवशी ती पाहून झाली. मंडळी बोरीच्या छावणीकडे परतली. हिस्लॉपला वाटेत एक शाळा तपासायची होती, म्हणून तो मागे राहिला. तेवढ्यात पाऊस झाला आणि नाला भरला. विदर्भातला नाला कसा असतो हे मी तुम्हाला सांगावं का? सकाळी पायाचे घोटे भिजत नाहीत आणि रात्री घोडा वाहून जातो. छावणीत हिस्लॉपचा घोडा परत आला, पाठीवर कोणी नव्हतं. हिस्लॉप त्या नाल्यात गेला. वय 45. ज्या दिवशी त्याने ही वर्तुळं पाहिली, त्याच दिवशी. आपल्या शहराजवळच्या या दगडांसाठी एक माणूस पावसात बाहेर पडला आणि परत आला नाही, हे प्रत्येक नागपूरकर विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं. मी शिकवत होते तेव्हा दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगत असे, आणि मुलं गप्प होत.

हिस्लॉपबद्दल एवढं बोलायचं ठरवलं नव्हतं. असो. त्यानंतर जुनापाणीला आला रिव्हेट-कार्नॅक. हा सरकारचा कापूस कमिशनर. वऱ्हाड-नागपुराचा कापूस पाहता पाहता त्याने वर्तुळं उघडली, खळग्यांची चित्रं काढली आणि 1879 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ती छापली. स्कॉटलंडमधल्या खडकांवर असेच खळगे आहेत हे त्याला माहीत होतं. ही एखादी लिपी तर नसेल, असा तर्कही त्याने केला. मग 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध रीतीने खणली. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेल्या दगडांच्या दिशा मोजल्या आणि त्यांचा आकाशाशी, ताऱ्यांशी संबंध असावा असं सुचवलं.

समोरच्या रांगेतल्या प्राध्यापकांची मान हलते आहे. म्हणजे मी काय म्हणणार ते त्यांना कळलं. (हशा) वाहियांच्या कामाबद्दल मला आदर आहे, ते मोजमापाने बोलतात. तरीही माझं मत वेगळं आहे आणि ते मी सांगणारच. हे खळगे शोकाचे आहेत. माणूस पुरला, दगड लावले, आणि मग त्याची माणसं, मुलगा, भाऊ, बहीण, दगडापाशी बसली आणि ठोकत राहिली. दिवसानंतर दिवस. त्या ठोकण्याचा आवाज हाच त्यांचा विधी असावा. आपणही तेरा दिवस काहीतरी करत राहतो. हाताला काम नसेल तर दुःख सोसत नाही. तुम्ही म्हणाल, पुरावा काय? पुरावा नाही, हे माझं मत आहे. पण ते तपासता येतं, आणि म्हणून मी आज इथे उभी आहे. खळगे अनेक माणसांनी, निरनिराळ्या वेळी केले असतील तर एकाच दगडावर ते लहान-मोठे, उथळ-खोल असतील, कारण प्रत्येक हाताचं बळ वेगळं. दिशा दाखवायला एकाच जाणकाराने केले असतील तर ते सारखे असतील आणि वर्तुळा-वर्तुळात त्याच बाजूच्या दगडांवर पुन्हा दिसतील. दगड-दगड पाहून, मोजून, चित्र काढून हा वाद मिटवता येईल. मी हरले तरी चालेल.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणताहेत. मग माहुरझरीच्या मण्यांचं आणि गवळ्यांच्या तळांच्या दंतकथेचं राहू द्या. मुख्य सांगते.

हे मोजायचं कोणी? केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नागपूर जिल्ह्यातली शिलावर्तुळांची गावं आहेत: जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, उबाळी आणि आणखी किती तरी. 1958 चा कायदा आहे, 2010 च्या दुरुस्तीने भोवतीच्या 100 मीटरमध्ये बांधकामाला बंदी आहे. पण दगड नांगराच्या आड येतो, मुरमाला भाव आहे, शहर काटोल रोडने पुढे सरकतं आहे. कायद्याचा पहारेकरी प्रत्येक दगडापाशी उभा राहू शकत नाही. आणि एखादा दगड हलवला गेला तर तो कुठे होता, त्यावर किती खळगे होते, याचा कागद आपल्याकडे नसेल तर तक्रार तरी कशाची करणार?

रत्नागिरीत काय झालं ते पाहा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या मित्रांनी सुटीच्या दिवशी सड्यांवर फिरायला सुरुवात केली, गुराख्यांना विचारलं, खेड्यापाड्यांतल्या माणसांना बरोबर घेतलं. कशेळीच्या कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती आज जगाला माहीत आहे. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथेही उन्हाळ्यात सडा तापलेला तवा असतो. तिथल्या लोकांनी कोणाची वाट पाहिली नाही.

नागपूरकरांना हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. इथे विद्यापीठ आहे, अजब बंगल्याचं 1863 सालचं वस्तुसंग्रहालय आहे, पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, आणि पहाटे पाचला फिरायला निघणारी तुमच्यासारखी मंडळी आहेत. रोज गोरेवाड्यापर्यंत जाता, एक दिवस थोडं पुढे या.

वेळ संपली, अध्यक्ष उठताहेत, एवढं ऐकून घ्या. पाणी, टोपी, वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि होकायंत्र आणा. खळगे नीट दिसावेत म्हणून त्यांत खडू, गुलाल किंवा तेल भरू नका. त्याने दगड खराब होतो आणि पुढच्या माणसाला खळगा किती खोल होता ते कळत नाही. ऊन नसेल तर टॉर्च दगडाच्या बाजूने आडवा धरा. दगड हलवू नका, गोटा उचलून घरी नेऊ नका. वर्तुळ कुठलं, दगड कोणत्या दिशेला, खळगे किती, प्रत्येकाची रुंदी आणि खोली किती, एवढं वहीत लिहा आणि खाली तारीख घाला. दाराशी कागद ठेवला आहे, त्यावर नाव आणि फोन लिहूनच घरी जा. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आपण निघतो आहोत.