मर्यादवेल



आज आपण एका वेलीविषयी बोलू. पुळणीवर जाताना ती रोज तुमच्या पायाला लागते. तिचे पान आपट्याच्या पानासारखे, मधोमध चिरलेले. कोणाला त्यात शेळीचा खूर दिसतो. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखे. देठ मोडला की पांढरा चीक येतो. ओळखलीत ना? हीच मर्यादवेल.

समुद्र या वेलीची मर्यादा ओलांडत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. खरे म्हणजे रोजच्या भरतीचे पाणी जिथवर येते तिथे ती टिकतच नाही. ती त्याच्या वर राहते. पण जुन्या माणसांचे अगदीच चुकले असेही नाही. कसे ते ऐका.

वारा कोरडी वाळू उडवत आणतो. वेलीच्या पानांना अडून ती तिथेच पडते. वेल गाडली जाते. दुसरे झाड असते तर मेले असते. ही पुन्हा डोके वर काढते, पेरापेराला मुळे सोडते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. अशी वर्षानुवर्षे टेकडी वाढते. पावसाळ्यात उधाण आले की समुद्र टेकडीचा पुढचा भाग खातो. टेकडी खायला मिळते, म्हणून मागची वाडी वाचते. पाऊस सरला की लाटा बरीचशी वाळू परत आणून टाकतात, आणि वेल ती पुन्हा बांधते.

आणखी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. पावसाचे गोडे पाणी टेकडीच्या वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीला गोडे पाणी लागते, ते यामुळे. टेकडी गेली की हा साठा घटतो. विहीर मचूळ होऊ लागते. बायांनो, हंडा तुम्हीच भरता, पुढचे तुम्हांला सांगायला नको.

आता कोणी विचारील, ही वेल नाहीशी होत चालली आहे काय? नाही. जगातल्या झाडांची व जनावरांची एक लाल यादी आहे. ती १९६४ साली सुरू झाली. कोण धोक्यात आहे, कोण नाही, ते तीत लिहितात. मर्यादवेलीला फारसा धोका नाही, असे तीत लिहिले आहे. ते बरोबरच आहे. हिचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत जाते आणि दूरच्या किनाऱ्यावर रुजते. उष्ण देशांच्या किनाऱ्यांवर ती सगळीकडे आढळते.

पण ती यादी साऱ्या जगाची, आपल्या पुळणीची नव्हे. दूरदेशी वेल फोफावली म्हणून आपली टेकडी थोडीच बांधली जाणार? आपल्याकडे काय चालते ते बघा. वाळूचे ट्रक भरतात. हॉटेलासाठी टेकडी सपाट करतात. गाड्या थेट पुळणीवर धावतात, चाकाखाली वेल तुटते. कुठे सुरूची दाट लागवड होते. सुरूच्या काड्यांचा थर साचतो, सावली पडते, आणि वेल मागे हटते. सुरू लावणारांचा हेतू चांगला होता, हे मान्य.

वेल सगळेच अडवते, असे आम्ही म्हणणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आले, तेव्हा नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वाऱ्यापुढे वेल काय करणार! तिचे काम वाळू धरण्याचे.

सरकारने २०१९ च्या किनारा नियमांत वाळूच्या टेकड्या अतिशय नाजूक जागांमध्ये धरल्या आहेत. तुम्हांला आता वाचता येते. गावाच्या किनाऱ्याचा नकाशा मागून घ्या. आपली टेकडी त्यात दाखवली आहे का, ते स्वतः बघा. नसेल तर ग्रामसभेत विचारा, आणि विचारलेले लिहून घ्यायला सांगा.

टेकडी उघडी पडली असेल तर पावसाच्या तोंडाला वेलीचे हातभर तुकडे घ्या. दोन-तीन पेरे वाळूत गाडा, टोक वर ठेवा. भरतीच्या रेषेच्या वर लावा, खाली नको. पुळणीवर जायला एकच वाट ठेवा. मुळे धरेपर्यंत तिथे गाडी आणि गुरे जाऊ देऊ नका.