मूल होत नाही? एकट्या सुनेला बोल लावू नका!



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की घरात सुनेला बोल लागतो. पण कारण कोणी शोधते का?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४ इंच लांबीची एकेक गर्भनलिका असते. स्त्रीबीजाला पाय नाहीत. नळीच्या आतल्या पेशींवर बारीक लव असते. उल्हासकाठचे भात वाऱ्यावर डुलते ना, तशी ती डुलते आणि बीज पुढे सरकवते. बीजाचे फलन नळीतच होते. गर्भ ३-४ दिवसांनी गर्भाशयात उतरतो.

गुप्तरोग किंवा क्षय नळीपर्यंत पोचला, की ही लव झडते, नळी चिकटते. मग दिवस राहत नाहीत. कधी गर्भ नळीतच अडकतो. नळी फुटली तर जिवावर बेतते!

म्हणून अंगावरून घाण वास येणारे पाणी जाणे, ओटीपोट दुखणे लपवू नका. पाळी चुकून पोटात एका बाजूला कळ आली, तर तडक दवाखाना गाठा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तपासणी नवरा-बायको दोघांची करा. दोष पुरुषातही असतो.

कुटुंब नियोजन म्हणजे नुसता पाळणा थांबवणे नव्हे. हवे तेव्हा, हवे तेवढे, निरोगी मूल!