मेंदूचे दोन गोलार्ध : आप्तांच्या दोन प्रश्नांविषयी
(वार्षिक सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातील अधिकारी नव्हे. तथापि पक्षाघाताच्या रुग्णांचे आप्त नेहमी विचारतात अशा दोन प्रश्नांविषयी थोडे निवेदन करतो.

पहिला प्रश्न : उजवा हात लुळा पडला, मग वाचा का गेली? मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल मुख्यतः डावा गोलार्ध चालवितो आणि बहुतेकांची भाषेची केंद्रेही तेथेच असतात. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढील भागी इजा दाखविली. उजव्या गोलार्धास इजा झाल्यास डावी बाजू लुळी पडते. काही रुग्णांचे ताटातील डाव्या बाजूच्या अन्नाकडे लक्षच जात नाही.

दुसरा प्रश्न : बुद्धी गेली काय? वाचा जाणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. स्वतःचे नाव सांगू न शकणारा रुग्णही कित्येकदा इतरांबरोबर आरती म्हणतो. त्याच्यादेखत, त्यास काही कळत नाही असे समजून बोलू नये.

गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच देतात. इगतपुरीहून नाशिक सुमारे ४५ किलोमीटर. पाड्यावरून महामार्ग गाठण्यातच पुष्कळ वेळ जातो. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर मालिश किंवा अंगाऱ्यात वेळ न दवडता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी.

एवढे आपण घरोघरी सांगावे, ही नम्र विनंती.